आधी रक्त, मग इंजेक्शन: निगेटिव्ह रक्तगटाच्या गर्भवतीने आयसीटी कशी करून घ्यावी

रक्तपेढीच्या खिडकीमागे उभी राहून मला सव्वीस वर्षं झाली. सोलापुरात सुरुवात केली, अजून तिथेच आहे. परवा अक्कलकोटकडच्या एक सासूबाई सुनेचा कागद घेऊन आल्या. कपाळाला आठी. म्हणाल्या, "मॅडम, तिसऱ्या महिन्यात काढलं तेव्हाबी निगेटिव्ह, आता सातव्यातबी निगेटिव्ह. एवढ्या गोळ्या खाऊन पॉझिटिव्ह का होईना?"

मी हसले नाही. हा प्रश्न महिन्यातून चारदा तरी येतो आणि चूक त्यांची नाही. आम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो आणि कागद हातात देऊन मोकळे होतो.

तर आधी हा गुंता सोडवू. पहिला कागद रक्तगटाचा. ए निगेटिव्ह, बी निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह, जे असेल ते. यातला 'निगेटिव्ह' म्हणजे तुमच्या लाल पेशींवर 'डी' नावाचा पदार्थ नाही. तो जन्मापासून नाही आणि मरेपर्यंत येणार नाही, गोळ्यांनी तर नाहीच. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण असे असतात. मीही त्यातलीच, ए निगेटिव्ह. दुसरा कागद आयसीटीचा, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्टचा. तुमच्या रक्तात त्या 'डी'विरुद्ध अँटीबॉडी तयार झाली आहे का, हे त्यात बघतात. इथे 'निगेटिव्ह' म्हणजे झालेली नाही, म्हणजे उत्तम. रक्तगट निगेटिव्ह आणि आयसीटीही निगेटिव्ह असेल तर पेढे वाटायला हरकत नाही. सासूबाईंना मी हे कागदाच्या मागे दोन रेघा मारून समजावलं. त्यांनी तो कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

(बॉम्बे ब्लड ग्रुप हा तिसराच प्रकार. मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे यांनी तो शोधला. त्याचा निगेटिव्हशी काही संबंध नाही. "आमची बॉम्बे निगेटिव्ह आहे का?" असं विचारणारेही येतात म्हणून सांगितलं.)

अँटीबॉडी होते कशी? बाळाचा बाप पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. बाळंत होताना सगळ्यात जास्त, पण गर्भपातात, रक्तस्राव झाल्यावर किंवा पोटाला मार लागल्यावरही. थोडंसं म्हणजे किती, तर थेंब-दोन थेंबही पुरू शकतात. आईचं शरीर त्या पेशींना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध हत्यार बनवून ठेवतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिलं बाळ बहुधा सुटतं. पुढच्या खेपेला तेच हत्यार वारेतून बाळापर्यंत जातं आणि त्याच्या लाल पेशी फोडतं. मग बाळाचं रक्त कमी होतं, जन्मल्यावर कावीळ वाढते, फारच झालं तर पोटातच अंगावर सूज येते. हे सगळं टाळता येतं आणि टाळायची सुरुवात एका साध्या रक्ततपासणीने होते.

पहिली आयसीटी पहिल्याच भेटीत. दिवस गेल्याचं कळलं, दवाखान्यात नाव घातलं, रक्तगट निगेटिव्ह आला की त्याच वेळी. "पहिलंच बाळ आहे, कशाला?" असं म्हणू नका. मागे कधी न कळत गर्भ पडलेला असू शकतो, लहानपणी रक्त चढवलेलं असू शकतं. तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही, नाश्ता करून या. हाताच्या शिरेतून तीन ते पाच मिली रक्त घेतात, बस. सरकारी दवाखान्यात गर्भवतीच्या तपासण्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. दर महिन्याच्या नऊ तारखेला मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी आशाताईंना "माझा गट निगेटिव्ह आहे" हे आठवणीने सांगा आणि माता-बाल कार्डावर गट ठळक लिहून घ्या.

त्याच दिवशी नवऱ्यालाही खिडकीवर उभा करा. नवरा निगेटिव्ह निघाला तर बाळ निगेटिव्हच होणार आणि पुढची बरीचशी धावपळ वाचते. पण गट सांगोवांगी चालत नाही आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा तर अजिबात नाही. तिथे माणूस जे सांगेल ते छापतात. एक जण लायसन्स काढून मोठ्या ऐटीत म्हणाले, "मीपण ओ निगेटिव्ह, मॅडम, टेन्शन नाही." म्हटलं, "बोट द्या." ओ पॉझिटिव्ह निघाले. बायको तेव्हा पाचव्या महिन्यात होती आणि तोवर एकही आयसीटी झाली नव्हती.

आता तो फॉर्म. रक्तासोबत जो मागणीपत्राचा कागद येतो, त्यात रकाने असतात: कितवी खेप, आधी गर्भपात झाला का, कधी रक्त चढवलं का, अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख. दहापैकी आठ फॉर्म कोरे येतात. घाईत डॉक्टर भरत नाहीत, सिस्टर भरत नाहीत, आणि मग आम्ही अंधारात रिपोर्ट देतो. तुम्ही स्वतः पेन मागा आणि भरा. विशेषतः तो इंजेक्शनचा रकाना. का, ते पुढे सांगते.

आत आम्ही काय करतो ते एकदा बघून घ्या, म्हणजे रिपोर्टवर भरवसा कधी ठेवायचा ते कळेल. तुमच्या रक्तातलं पिवळसर पाणी, सीरम, वेगळं काढतो. त्यात ओ पॉझिटिव्ह गटाच्या धुतलेल्या लाल पेशी घालतो. ही नळी ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेइतक्या तापमानात, अर्धा ते एक तास ठेवतो. तुमच्या सीरममध्ये अँटीबॉडी असेल तर ती त्या पेशींवर जाऊन बसते, पण बसलेली डोळ्यांना दिसत नाही. मग सलाईनच्या पाण्याने पेशी तीन-चार वेळा धुवायच्या आणि शेवटी दोन थेंब कूम्ब्स सीरमचे. हे सीरम अँटीबॉडी बसलेल्या पेशींना एकमेकींशी जोडतं. सेंट्रीफ्यूजमधून नळी फिरवून काढली की तळाला लाल बटणासारखा ठिपका दिसतो. नळी हळूच तिरकी करायची. ठिपका धुरासारखा सुटून पाण्यात विरघळला तर निगेटिव्ह. तांदळाच्या कण्यांसारखे दाणे सुटले तर पॉझिटिव्ह.

ही युक्ती १९४५ साली केंब्रिजच्या रॉबिन कूम्ब्स यांनी दोन सहकाऱ्यांसोबत मांडली. कूम्ब्स मूळचे जनावरांचे डॉक्टर आणि सुरुवातीचं ते सीरम सशांपासून बनवलेलं. हे सांगितलं की कॉलेजातून शिकायला येणाऱ्या पोरी लगेच माना वर करतात.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. सोमवार होता, अठरा नमुने, आणि सलाईन संपत आलेलं. चारदा धुवायचं ते मी दोनदाच धुतलं. नळ्या निगेटिव्ह दिसल्या, वहीत पेन्सिलने लिहूनही टाकलं. आमचे सर आले, काही बोलले नाहीत, फ्रिजमधून कंट्रोलच्या पेशी काढल्या आणि माझ्या नळ्यांत एकेक थेंब टाकला. या पेशींवर आधीच अँटीबॉडी बसवलेली असते. नळीतलं कूम्ब्स सीरम जिवंत असेल तर त्या चिकटल्याच पाहिजेत. पाच नळ्यांत काहीच झालं नाही. नीट न धुतल्यामुळे उरलेल्या सीरमनेच कूम्ब्स सीरम खाऊन टाकलं होतं. सर म्हणाले, "या पाच बायकांची टेस्ट झालेलीच नाही." पाचही पुन्हा केल्या. निगेटिव्हच निघाल्या. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

म्हणून लॅबमध्ये दोन प्रश्न बिनधास्त विचारा. टेस्ट नळीत करता की जेल कार्डवर? आणि नळीत करत असाल तर कंट्रोल पेशी लावता का? जेल कार्ड म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांचं तयार कार्ड. त्यात धुण्याची भानगड नसते, त्यामुळे माझ्यासारखी चूक तिथे होत नाही. चांगल्या लॅबमधला माणूस या प्रश्नांनी चिडणार नाही. चिडला तर समजून घ्या.

पहिली निगेटिव्ह आली की पुढची महत्त्वाची तारीख २८ आठवडे. आपल्याकडे महिन्यांत मोजतात आणि घोळ तिथेच होतो: "सातवा लागला" म्हणजे नक्की कधी? सरळ हिशेब करा. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून १९६ दिवस. पाळी १ जानेवारीला आली असेल तर २८ आठवडे १६ जुलैला भरतात, लीप वर्ष असेल तर १५ ला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा. काही डॉक्टर मध्येही एकदा आयसीटी करायला सांगतात. सांगितली तर करा. पण २८ व्या आठवड्याची चुकवू नका, कारण ती निगेटिव्ह असेल तर तेव्हाच अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन देतात.

आणि आता या लेखाचं नाव. आधी रक्त, मग इंजेक्शन.

अँटी-डी म्हणजे काय, तर तीच अँटीबॉडी, जी आम्ही तुमच्या रक्तात शोधत असतो. ती बाटलीत भरून देतात. बाळाच्या पेशी तुमच्या रक्तात आल्या तर ही उसनी अँटीबॉडी त्यांचा निकाल लावते आणि तुमच्या शरीराला स्वतःची बनवायची वेळच येत नाही. हे इंजेक्शन १९६८ सालापासून वापरात आहे. पारंपरिक अँटी-डी माणसांच्याच प्लाझ्मापासून बनतं. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांच्या रक्तात ही अँटीबॉडी भरपूर होती. त्यांनी अकराशेहून अधिक वेळा प्लाझ्मा दिला. २०२५ साली ते ८८ व्या वर्षी गेले. आपल्याकडे प्रयोगशाळेत बनवलेलं मोनोक्लोनल अँटी-डीही मिळतं.

पण उसनी असली तरी अँटीबॉडी ती अँटीबॉडी. इंजेक्शननंतर आयसीटी केली तर ती पॉझिटिव्ह दिसू शकते, अगदी दोन-तीन महिने. मागच्या वर्षी बत्तिसाव्या आठवड्यातली एक मुलगी खिडकीवर येऊन रडायलाच लागली. तिच्या दवाखान्यात २८ व्या आठवड्यात इंजेक्शन दिलं, रक्त आधी घेतलंच नाही, आणि महिन्याने कुणीतरी 'राहिलेली' आयसीटी लिहून दिली. ती आली पॉझिटिव्ह. रात्रभर मोबाइलवर वाचून तिने बाळाच्या अंगावर सूज येण्यापर्यंत मजल मारली होती. फॉर्मवर इंजेक्शनची तारीख नव्हती. मी विचारलं, "दंडात एक महागाचं इंजेक्शन घेतलंस का?" म्हणाली, "हो, चार आठवडे झाले." अँटीबॉडीचं प्रमाण बघितलं, अगदी कमी, १:२ (हा आकडा कसा काढतात ते पुढे येईल). डॉक्टरांना फोन लावून दिला. ती इंजेक्शनचीच उसनी अँटीबॉडी होती. पण इंजेक्शनच्या आधीचं रक्त नसल्यामुळे डॉक्टरांना बाळंतपणापर्यंत मनातून पूर्ण खात्री देता येईना, आणि त्या पोरीने दोन महिने धाकधुकीत काढले. त्यापायी वाचलेलं काम काय, तर पाच मिली रक्त काढायचं.

म्हणून त्या दिवशी सिस्टर सिरिंज घेऊन आल्या की विचारा, "आयसीटीचं रक्त घेतलं का?" रिपोर्ट यायच्या आत इंजेक्शन घ्यावं लागलं तरी एक वेळ चालेल, पण रक्त आधीच काढलेलं हवं. इंजेक्शनची तारीख आणि बाटलीवरचं स्टिकर फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, गोठवायचं नाही. बाहेरून आणताना बर्फाच्या पिशवीला थेट न चिकटवता कापडात गुंडाळून आणा. माझ्या बाळंतपणात आमच्या ह्यांनी रात्री अकराला तीन दुकानं पालथी घालून ते आणलं आणि हौसेने बर्फाच्या खड्यांत गाडून आणलं. सिस्टरनी बाटली गोठली नाही ना, हे बघून मगच टोचली.

२८ आठवड्यांखेरीज मधेच धावायचे प्रसंग असे: अंगावरून जाणं, पोटावर पडणं किंवा गाडीवरून आपटणं, गर्भपात, नळीतला गर्भ, गर्भजलाची तपासणी, बाहेरून बाळ फिरवणं. अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना "मी निगेटिव्ह आहे, अँटी-डी लागेल का?" हे विचारा. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला ते द्यावं का, यावर जगभरात एकमत नाही. आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. पिशवी साफ करून संध्याकाळी घरी पाठवलेल्या आणि गटाबद्दल चकार शब्द न ऐकलेल्या बायका मी पुढच्या खेपेला पॉझिटिव्ह आयसीटी घेऊन आलेल्या पाहिल्या आहेत. घरच्यांपासून लपवून केलेला गर्भपात असेल तरी लॅबमध्ये मला किंवा डॉक्टरांना कानात सांगा. सासूसमोर मी तो रकाना वाचून दाखवत नाही.

आणि आयसीटी खरोखर पॉझिटिव्ह आली तर? आधी वरचा प्रश्न: इंजेक्शन घेतलं होतं का? नसेल तर ती अँटीबॉडी कोणती, हे ओळखायचं. प्रत्येक पॉझिटिव्ह म्हणजे अँटी-डी नव्हे. केल, लहान सी अशा दुसऱ्याही असतात आणि त्यातल्या काही बाळाला तितक्याच त्रासदायक. त्यासाठी वेगवेगळ्या ज्ञात पेशींचं पॅनल लावतात. आमच्याकडे न सुटलेले नमुने मुंबईला परळच्या केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत पाठवता येतात.

मग टायटर. तुमचं सीरम दर वेळी निम्मं पातळ करत जायचं, १:२, १:४, १:८, आणि शेवटच्या कुठल्या नळीत दाणे दिसतात ते बघायचं. आकडा जितका मोठा तितकी अँटीबॉडी जास्त. १:१६ किंवा १:३२ ला, लॅबनुसार, सावधान म्हणतात. त्याखाली असेल तर साधारण दर चार आठवड्यांनी पुन्हा, पुढे पुढे दोन आठवड्यांनी. इथे एक गोष्ट हट्टाने पाळा: लॅब बदलू नका. जेलवरचा आकडा नळीपेक्षा बहुधा चढा येतो. इकडे १:८ आणि तिकडे १:३२ बघून बाळाचं बिघडलं असं वाटतं, आणि बदललेली असते फक्त लॅब. एकाच लॅबमध्येही ८ चे १६ होणं म्हणजे एका नळीचा फरक, तो हाताचाही असू शकतो. ८ चे ३२ झाले तर मात्र लगेच डॉक्टरांकडे.

आकडा सावधानच्या वर गेला की आमचं काम जवळजवळ संपतं आणि सोनोग्राफीचं सुरू होतं. बाळाच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीतून रक्त किती वेगाने जातं ते डॉप्लरने मोजतात. बाळाचं रक्त कमी झालं की ते पातळ होतं आणि जोरात धावतं. त्या वयाच्या बाळाच्या सरासरीच्या दीडपट वेग झाला तर पोटातल्या बाळाला नाळेतून रक्त देण्याचा विचार होतो. बार्शीकडच्या एकीला तिसऱ्या खेपेला १:६४ होतं. तिला पुण्याला पाठवलं, तिथे दोनदा रक्त दिलं गेलं. ओ निगेटिव्ह, ताजं, आईच्या रक्ताशीही जुळवून (क्रॉसमॅच करून) पाहिलेलं, रेडिएशन दिलेलं. आधीच्या बाळाला असा त्रास झालेला असेल तर टायटरच्या आकड्याची वाट बघू नका, सुरुवातीपासून डॉप्लर करणाऱ्या केंद्रात नाव घाला. आणि स्वतःची अँटी-डी एकदा तयार झाली की अँटी-डीच्या इंजेक्शनचा काही उपयोग नाही. तरी ते लिहून दिलं तर का, हे विचारा, हजारो रुपयांचा प्रश्न आहे.

बाळंतपणाच्या आधी लेबर रूमच्या सिस्टरना सांगून ठेवा: बाळ बाहेर आलं की नाळेचं रक्त बल्बमध्ये, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीत, घ्यायचं. त्यातून बाळाचा गट, डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या लाल पेशींवर अँटीबॉडी बसली आहे का), हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती, हे बघतात. बाळ निगेटिव्ह तर तुम्हाला पुढचं इंजेक्शन नाही. बाळ पॉझिटिव्ह आणि तुमची स्वतःची अँटीबॉडी नसेल तर ७२ तासांच्या आत दुसरं ३००. २८ व्या आठवड्यात घेतलं होतं म्हणून हे टळत नाही. शुक्रवारी रात्री अकराला बाळंत झालात तर मुदत सोमवारी रात्री अकरापर्यंत, आणि मध्ये रविवार येतो, म्हणून इंजेक्शन आधीच आणून दवाखान्याच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. तास उलटून गेले तरी सोडून देऊ नका, दहा दिवसांपर्यंतही थोडा फायदा होऊ शकतो. २८ व्या आठवड्याचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर बाळाची डायरेक्ट कूम्ब्स किंचित पॉझिटिव्ह दिसू शकते, ते आम्हाला सांगा.

नाळेचा बल्ब घेऊन बहुतेक बापच खिडकीवर येतो, झोप नसलेला, हातात बल्ब गरम धरून. त्याने यायच्या आधी बल्बवर 'बेबी ऑफ' आणि आईचं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि वेळ लिहिलेली आहे का ते बघावं. आईचा बल्ब सोबत असेल तर दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. एकदा दोन्हींवर एकच चिठ्ठी चिकटवलेली आली आणि मला तो बाप पुन्हा तीन मजले चढून पाठवावा लागला. गट आणि डायरेक्ट कूम्ब्स व्हायला फार वेळ लागत नाही. समोर चहाची टपरी आहे. चहा पिऊन या, तोवर होतं.